लेबर रेटनं बांधलेलं घर

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात घर बांधायला काढा, गवंड्यापासून सिमेंटच्या दुकानदारापर्यंत जो तो आधी एकच विचारतो: "विथ मटेरियल देताय का लेबर रेटनं?" विथ मटेरियल म्हणजे चौरस फुटाला एक दर ठरवायचा, ठेकेदारानं सगळं आणायचं, आपण हप्ते मोजायचे. लेबर रेटमध्ये सिमेंट, सळई, वीट, खडी आपली आणि मजुरी तेवढी ठेकेदाराची. तिसरा रस्ता म्हणजे ठेकेदारच नको. गवंडी, सेंट्रिंगवाला, फिटर, प्लंबर, वायरमन, सगळे आपणच गाठायचे.

माझे मेहुणे या तिसऱ्या रस्त्यानं निघाले होते. ते शाळेत गणित शिकवतात. विथ मटेरियलच्या दरातून त्यांनी मालाची आणि मजुरीची किंमत वजा केली, उरलेला आकडा पाहिला आणि म्हणाले, "एवढे पैसे नुसते उभं राहायचे?" त्यांची बेरीज बरोबर होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागही आपल्या दरविश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरतो. खासगी कामात तो कमी-जास्त होतो एवढंच. प्रश्न होता तो त्या पैशात ठेकेदार नेमकं काय करतो याचा, आणि ते साइटवर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

मालाची बाजू मास्तरांना सोपी गेली. 1000 चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे 417 घनफूट, सव्वाचार ब्रासच्या आत. एम-20 काँक्रीटला घनमीटरमागे आठेक पोती सिमेंट धरलं तर 95 पोती, बीम वेगळे. वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन. सळईचं मीटरमागे वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले 162. म्हणजे 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई 10.67 किलो भरायला हवी. हे सूत्र तोंडपाठ असणारं गिऱ्हाईक वजनकाट्याशी उभं राहिलं, की दुकानदार आपोआप चांगल्या कंपनीचा माल दाखवतो.

वाळूला मात्र टेप लागतो. 10 फूट लांब, 5 फूट रुंद ट्रॉलीत दोन फूट थर असेल तर 100 घनफूट, बरोबर एक ब्रास. थर तीन इंच कमी भरला तर आठवा हिस्सा गेला, आणि तीन इंच डोळ्याला कळत नाहीत. त्यात मधोमध ढीग उंच आणि कडेला उतार. मास्तर ट्रॉलीत चढून वाळू सपाट करायला लावत. ड्रायव्हर कुरकुरायचा. ओल्या वाळूचा आणखी एक खेळ आहे: जराशी ओल असली की बारीक वाळू फुगते, पाव हिस्स्यापर्यंत जास्त जागा खाते. तेव्हा मोजून घेतलेली वाळूही कमीच असू शकते, आणि मिक्सरपाशी घमेल्यानं मोजताना तोच घोळ पुन्हा होतो. या सगळ्यात मास्तरांचे पैसे वाचले, यात शंका नाही.

अडलं ते माणसांपाशी. पायाचे खड्डे झाले, कॉलम उभे राहिले, जोतं भरलं, आणि गवंडी यायचे थांबले. फोन केला की "उद्या". मुकादम चांगला माणूस होता, मास्तरांचे पैसेही दर बाजारच्या दिवशी चोख मिळत होते. शेवटी त्यानंच चहा पिता पिता सांगितलं: "मास्तर, तुमचं काम एक. त्या ठेकेदाराची चार चालू हायत, फुडं बी असणार. दिवाळीच्या आधी त्यानं उचल दिलीया. त्याचा स्लॅब आला की मला गडी तिकडं न्यावंच लागतंय."

बांधकामाची ही खरी आतली यंत्रणा. ठेकेदार काम नसलेल्या दिवसांत मुकादमाला उचल देतो, गड्यांच्या घरची लग्नं, दवाखाने त्याच उचलीवर निभतात, आणि काम निघालं की ती फिटते. गावाकडून टोळी आणायची, तिच्या राहण्यासाठी पत्र्याच्या खोल्या करायच्या, पावसाळ्यात निम्म्या लोकांना कुठंतरी गुंतवून ठेवायचं, हे त्यातच येतं. घरमालक आयुष्यात एकदा घर बांधतो. त्याच्याकडे पुढच्या कामाचं आमिष नाही. रोजी पन्नास रुपये जास्त दिले तरी टोळी त्याची होत नाही. दुकानदाराची उधारीही तशीच: ठेकेदाराला माल आधी आणि पैसे नंतर, मास्तरांना रोख. बँक तर गृहकर्जाचा हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावर सोडते. टप्पा पूर्ण करायला लागणारे पैसे मधल्या काळात कोणीतरी घालायचे असतात. माझ्या मते त्या 15 टक्क्यांतला मोठा वाटा माणसं बांधून ठेवणं आणि पैसे आधी घालणं या दोन गोष्टींचा असतो. बांधकामाचं ज्ञान त्यात सर्वांत स्वस्त.

स्लॅबच्या आधी मास्तरांनी भूमिका बदलली. एका ठेकेदाराला ढाचा लेबर रेटनं दिला, माल आपला ठेवला. मग दुसरी घासाघीस सुरू झाली: दरात काय काय धरलंय? मोजमाप स्लॅबच्या क्षेत्रावर, ठीक. पण छज्जा पूर्ण धरायचा की निम्मा? जिना? वरची टाकी, पॅरापेट, लॉफ्ट, शोषखड्डा? सेंट्रिंगच्या प्लेटांचं भाडं कोणाचं, बांधणीच्या तारेचे पैसे कोणाचे? एका साध्या वहीच्या पानावर हे सगळं लिहून दोघांनी सह्या केल्या. गावात अशी पानं फार कमी लिहिली जातात आणि भांडणं बहुतेक त्या न लिहिलेल्या पानावरच होतात. एखादा गडी परांचीवरून पडला तर दवाखान्याचं कोण बघणार, हेही त्या पानावर आलं. सगळी माणसं थेट आपणच लावली असती, तर ती जबाबदारी सरळ आपल्या दारात आली असती.

स्लॅबच्या दिवशी मालक कशासाठी हवा, ते मला तिथं कळलं. आदल्या संध्याकाळी इंजिनिअर सळई तपासून गेला होता, खाली कव्हर ब्लॉक बसले होते, वायरमननं पाइप आणि फॅन बॉक्स टाकले होते. तो आला नसता तर नंतर स्लॅब फोडत बसावं लागलं असतं. सकाळी मिक्सर-लिफ्ट सुरू झाली आणि पहिल्या तासातच पाण्याची बादली सढळ झाली. स्लॅबची टोळी ठरलेल्या रकमेवर येते, लवकर संपवून घरी जाणं हा तिचा फायदा. पातळ काँक्रीट पटकन सरकतं, हात दुखत नाहीत. मात्र एका पोत्याला 25 ते 30 लिटर पाणी पुरतं, तेही वाळूतली ओल धरून. त्याहून जास्त घातलेलं पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. मास्तर दिवसभर मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसले. वर व्हायब्रेटर बीमच्या कोपऱ्यात जातोय का ते मी पाहत होतो. ठेकेदार दुपारी एकदा मोटारसायकलवरून येऊन गेला.

नंतरचं काम मात्र मालकाचंच असतं, ठेका कोणताही असो. स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे केले, त्यात पाणी साठवलं. पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी, असं आपलं भारतीय मानक, आयएस 456, सांगतं. साधं ओपीसी सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी. बीमखालचे किमान चौदा दिवसांनी. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात, म्हणून तो पाचव्या दिवशीच हातोडी घेऊन हजर. तेव्हा कोणीतरी दारात उभं असावं लागतं.

गिलाव्यानंतर लेबर रेटवाल्याचा हिशेब मिटवला. फरशी, रंग, सुतारकाम, खिडक्यांचं फॅब्रिकेशन मास्तरांनी स्वतः लावलं, आणि ते जमलं. तिथं एकेक कारागीर एकटा किंवा जोडीनं येतो, टोळीची गरज नाही, आजचं काम परवावर गेलं तरी काही सेट होत नाही की वाया जात नाही. मे महिन्याची सुट्टीही त्यांच्या मदतीला आली.

आता शेजारचे एक गृहस्थ त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. पुण्यात नोकरी, गावी घर बांधायचं, शनिवार-रविवारी येऊन लक्ष ठेवीन म्हणतात. मास्तरांनी त्यांना विथ मटेरियलच सुचवलं, हप्ते टप्प्यांशी बांधून आणि आपला इंजिनिअर वेगळा नेमून. गृहस्थांना ते महाग वाटतंय. सळईचं सूत्र तेवढं त्यांनी लिहून नेलं.