तिसरी चढाई कोरी चालत नाही

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पट्ट्यात कबड्डी खेळली जायची ती मातीवर, आणि चढाई चालायची दम टिकेल तोवर. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. खेळ मॅटवर आला, टीव्हीच्या पडद्यावर चढाईचं 30 सेकंदांचं घड्याळ पळू लागलं.

यामागे रोकडा हिशेब आहे. वाहिनीला जाहिराती मिळतात त्या खिळून बसलेल्या प्रेक्षकामुळे. आघाडीवरचा संघ निदान रेषा ओलांडून नुसता परत येत राहिला, की घरोघरी रिमोट उचलला जातो. म्हणून सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत गुण घ्यायचाच. नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्यांना गुण. ‘सुपर टॅकल’ने मागे पडलेल्यांनाही जीव दिला. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड जमली, तर एकाऐवजी दोन गुण.

बास्केटबॉल आधीच या वाटेने गेला होता. 22 नोव्हेंबर 1950 रोजी अमेरिकेत फोर्ट वेनच्या संघाने चेंडू दाबून ठेवत लेकर्सना 19-18 असं हरवलं. प्रेक्षक वैतागले. 1954 मध्ये संघमालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने 24 सेकंदांचं घड्याळ आलं; तेवढ्या वेळात बास्केटचा प्रयत्न करायचाच. सामन्याचे 2,880 सेकंद भागिले रंगलेल्या सामन्यातले बास्केटचे 120 प्रयत्न, म्हणजे 24!

कबड्डीतल्या जुन्या जाणत्यांचा आक्षेप दमाबद्दल आहे आणि तो रास्त आहे. ज्याचा दम 30 सेकंदांपलीकडे टिकतो, त्याला आता त्याचा उपयोग नाही. तिसऱ्या चढाईच्या नियमाने मात्र खेळ निश्चित सुधारला. शेवटची पाच मिनिटं येरझारा घालून काढता येत नाहीत.