चलनरकमांची मांडणी, जालपृष्ठांवरील
संगणकात केवळ संख्या म्हणून साठविलेली पैशाची रक्कम वाचकाला परिचित अशा रूपात जालपृष्ठावर दर्शविण्याची पद्धती. तीत चलनचिन्ह, अंकांची लिपी, स्वल्पविरामांनी पाडलेले गट व दशांशस्थळे यांचा विचार होतो.

गट पाडण्याची रीत देशपरत्वे बदलते. सव्वा लाखाच्या आसपासची एकच रक्कम भारतात १,२३,४५६.५०, अमेरिकेत १२३,४५६.५० व जर्मनीत १२३.४५६,५० अशी लिहितात. भारतीय रीतीत उजवीकडून पहिला गट तीन अंकांचा व पुढील गट दोन-दोन अंकांचे असून ते हजार, लाख, कोटी या संज्ञांशी जुळतात. मुंबई उपनगरातील चारकोप येथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्तीनिधी पाश्चात्त्य गटांत दाखविल्यास सभासदांना लाखाचे स्थान चटकन उमगत नाही.

दशांशस्थळे चलनानुसार ठरतात. भारतात १ एप्रिल १९५७ पासून १६ आण्यांऐवजी १०० पैशांचा रुपया झाला. म्हणून दोन स्थळे पुरतात. जपानी येनला एकही लागत नाही, तर कुवेती दिनारला तीन लागतात. ‘₹’ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत शिकलेले डी. उदय कुमार हे त्याचे अभिकल्पक होत. त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. ज्या टंकात हे चिन्ह नसते, तेथे रिकामा चौकोन दिसू शकतो.

जावास्क्रिप्ट भाषेत यासाठी ईसीएमए-४०२ या मानकानुसार (पहिली आवृत्ती २०१२) अंगभूत सुविधा असते. भाषा व प्रदेश म्हणून मराठी-भारत निवडल्यास अंक देवनागरीत उमटतात. अन्य अंक हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते.

मांडणी व गणन यांची गल्लत झाल्यास हिशोब चुकतो. स्वल्पविराम घातलेली १,२३,४५६ ही अक्षरमाला याच भाषेतील संख्यावाचक कार्याला दिल्यास ते पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते व १ एवढीच संख्या उरते. शिवाय ०.१ सारखे अपूर्णांक द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडता येत नाहीत, त्यामुळे ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ हून किंचित अधिक येते. १,००० रुपये तिघांत वाटल्यास प्रत्येकी ३३३.३३ रुपये दिसतात, पण बेरीज ९९९.९९ भरते, उरलेला पैसा कोणाच्या नावे टाकावयाचा, हे आधीच ठरवावे लागते. यास्तव रकमा पूर्णांकी पैशांत साठवून सर्व गणन त्यांवरच करतात व मांडणी अखेरीस केवळ दर्शनापुरती करतात.