विश्लेषण : यूपीएसने इशारा दिला, पण सर्व्हर ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणाला तर?

पुणे, पिंपरी-चिंचवड परिसरात गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा ओळखीचा वार. घरात पंखा बंद पडतो, सोसायटीची लिफ्ट थांबते. एखाद्या पतसंस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या सर्व्हर रूममध्ये मात्र त्याच क्षणी उलटी मोजणी सुरू होते. यूपीएस बॅटरीवर जातो आणि बॅटरी किती जुनी यावर हातात दहा, पंधरा किंवा वीस मिनिटे उरतात. तेवढ्यात सगळे सर्व्हर शिस्तीत बंद व्हावेत यासाठी एक सॉफ्टवेअर बसवलेले असते. बसवले त्या दिवशी ते व्यवस्थित चाललेलेही असते. पण मध्यंतरी कुणीतरी सर्व्हरचा पासवर्ड बदलला आणि या सॉफ्टवेअरला कळवायचे राहिले, तर ते ऐनवेळी दारातच अडते. बॅटरी संपते आणि सर्व्हर धाडकन बंद पडतो.

हे सॉफ्टवेअर नेमके करते काय?

आजकाल एका दणकट सर्व्हरवर दहा-वीस आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालतात. त्या सर्व्हरला होस्ट म्हणतात. एकावर हिशेबाचा डेटाबेस, दुसऱ्यावर ई-मेल, तिसऱ्यावर हजेरीची नोंद. पूर्वी प्रत्येक संगणकाला यूपीएसची वायर जोडून भागत असे. आता एका वायरीने वीस मशीन बंद करता येत नाहीत. म्हणून यूपीएसमध्ये नेटवर्क कार्ड बसवतात. वीज गेली की ते कार्ड नेटवर्कवरून शटडाऊन सॉफ्टवेअरला कळवते. एपीसीचे पॉवरशूट नेटवर्क शटडाऊन, ईटनचे इंटेलिजंट पॉवर प्रोटेक्टर आणि मुक्त स्रोत असलेले नेटवर्क यूपीएस टूल्स म्हणजेच ‘नट’, ही त्यातली परिचित नावे.

मग हे सॉफ्टवेअर व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरमध्ये किंवा थेट होस्टवर माणसासारखे लॉगिन करते, आधी व्हर्च्युअल मशीन आणि शेवटी होस्ट बंद करायला सांगते. लॉगिन झाले नाही तर पुढचे काहीच होत नाही. डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकला, तर वीज आल्यावर दुरुस्तीत तास जातात आणि बॅकअप आदल्या रात्रीचा असेल तर दिवसभराच्या नोंदी पुन्हा भराव्या लागतात.

लॉगिन अडते ते कुठे?

गोंधळाचे मूळ इथे आहे. ‘पॉवरशूटचा पासवर्ड चालत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा तो पासवर्ड कोणता, हे तक्रार करणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसते. कारण कुलुपे तीन आहेत.

पहिले, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वेब पानाचे. पॉवरशूटचे हे पान ब्राउझरमध्ये ६५४७ क्रमांकाच्या पोर्टवर उघडते. दुसरे, सॉफ्टवेअर आणि यूपीएसचे कार्ड यांच्यातले. तिथे वापरकर्त्याच्या नावासोबत १५ ते ३२ अक्षरांचे एक ओळखवाक्य लागते आणि ते दोन्हीकडे अक्षरशः सारखे असावे लागते. लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. तिसरे, होस्ट किंवा व्हीसेंटरवरच्या खात्याचे. एक उघडले म्हणून बाकीची दोन उघडतातच असे नाही. वेब पान छान उघडते, बॅटरीची टक्केवारीही दिसते, म्हणून सगळे ठीक आहे असे समजून लोक निश्चिंत होतात. तिसरे कुलूप बंद असल्याचे मात्र वीज गेल्यावरच कळते.

पहिल्या कुलपाचा पासवर्ड विसरला असेल तर उपाय सोपा आहे. पॉवरशूट ज्या मशीनवर आहे तिथल्या पीसीएनएसकॉन्फिग या नावाच्या फाइलमध्ये, नेटवर्क मॅनेजमेंट कार्डच्या विभागात नवे नाव आणि नवा पासवर्ड लिहून सेव्हा पुन्हा सुरू करायची. ओळखवाक्यही तिथेच बदलता येते. पण मग तेच वाक्य कार्डवरही भरायला विसरू नये, नाहीतर पहिले कुलूप उघडताना दुसरे बंद होते. कार्डचाच पासवर्ड हरवला असेल तर एपीसीच्या अनेक कार्डांवर रीसेटचे छोटे बटण आणि सिरियल केबल यांच्या मदतीने तो तात्पुरता मूळ स्थितीत आणता येतो. त्यानंतर लॉगिन करायला अवघे ३० सेकंद मिळतात, त्यामुळे केबल आधी जोडून ठेवलेली बरी.

पासवर्ड बरोबर, तरीही ‘चुकीचा’ का?

सर्वाधिक वेळ खाणारा प्रकार हाच. सोमवारी प्रशासकाने होस्टच्या रूट खात्याचा पासवर्ड बदलला. शटडाऊन सॉफ्टवेअरकडे जुनाच आहे आणि ते ठरावीक वेळाने तो टाकून पाहत राहते. बॅकअपचे सॉफ्टवेअर, देखरेखीचे सॉफ्टवेअर यांचेही तेच. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटे कुलूपबंद होते. प्रशासक नवा, अगदी बरोबर पासवर्ड टाकतो आणि नकार येतो. आपण तो चुकून वेगळाच ठेवला की काय, अशी शंका त्याला येते. १५ मिनिटे थांबतो, पुन्हा टाकतो, पुन्हा नकार. कारण मधल्या काळात सॉफ्टवेअरने आणखी पाच चुका करून ठेवलेल्या असतात.

इथे घाईने पासवर्ड पुन्हा बदलणे हा सर्वांत वाईट मार्ग. ईएसएक्सआयच्या घटनांच्या यादीत खाते ९०० सेकंदांसाठी बंद केल्याची स्पष्ट नोंद असते, ती आधी पाहावी. मग जुना पासवर्ड वापरणाऱ्या सगळ्या सेवा थांबवाव्यात. ही कुलूपबंदी दुरून येणाऱ्या लॉगिनला लागू असते. होस्टला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून पिवळ्या-करड्या पडद्यावरून लॉगिन केल्यास ती आड येत नाही. त्यामुळे पासवर्ड खरेच चुकला आहे की खाते फक्त अडकले आहे, याचा निकाल तिथे दोन मिनिटांत लागतो. रूटचा पासवर्ड खरोखरच हरवला असेल तर प्रकरण गंभीर असते. अधिकृत सल्ला ईएसएक्सआय पुन्हा इन्स्टॉल करण्याचा आहे. व्हीसेंटर आणि वरच्या श्रेणीचा परवाना असेल तरच होस्ट प्रोफाइलमधून सुटका होऊ शकते.

कुणी बदललाच नाही, तरी पासवर्ड संपतो?

हो. व्हीसेंटरच्या स्वतःच्या डोमेनमध्ये वेगळे खाते तयार करून ते सॉफ्टवेअरला दिले असेल, तर मूळ धोरणानुसार त्याचा पासवर्ड ९० दिवसांनी संपतो. माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याला बदलण्याची सूचना दिसते; सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही. जानेवारीत बसवलेली यंत्रणा त्यामुळे एप्रिलमध्ये, नेमक्या वळवाच्या पावसाच्या तोंडावर, गुपचूप निकामी होते. होस्टवरच्या स्थानिक खात्यांना अशी मुदत मूळ स्थितीत जवळपास नसतेच.

व्हीसेंटरचे प्रमाणपत्र बदलल्यावरही जोडणी तुटते आणि पडद्यावर दिसणारी तक्रार लॉगिनच्या चुकीसारखीच वाटते. तेव्हा पासवर्ड तपासत बसण्याऐवजी नवे प्रमाणपत्र मान्य करून द्यावे लागते.

डोमेन खाते दिले तर?

अनेक कार्यालयांत सगळ्यांची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असतात. तेच खाते इथेही वापरणे सोयीचे वाटते. पण ती डिरेक्टरी चालवणारा डोमेन कंट्रोलर जर त्याच होस्टवर व्हर्च्युअल मशीन म्हणून चालत असेल तर? शटडाऊन सुरू होताच तो बंद होतो आणि नंतर होस्टला आज्ञा देण्यासाठी लॉगिन करावे तर ओळख पटवणाराच जागेवर नसतो. व्हीसेंटरही बहुतेकदा व्हर्च्युअल मशीनच असते, त्यामुळे त्याचेही तेच. म्हणून प्रत्येक होस्टवर आणि व्हीसेंटरवर एकाच नावाचे, एकाच पासवर्डचे स्थानिक खाते ठेवणे हा व्यवहारी मार्ग. व्हीसेंटर नसले तरी सॉफ्टवेअर थेट होस्टशी बोलू शकते.

डोमेन खाते वापरायचेच असेल तर घड्याळाकडे लक्ष हवे. होस्ट आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस पद्धतीची ओळखपरेड मूळ सेटिंगनुसार नापास करते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असेल तर वीज जाऊन आल्यावर हा फरक हमखास पडतो. सुरक्षेचा भाग वेगळाच : डोमेनला जोडलेल्या ईएसएक्सआयवर ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ नावाचा गट तयार करून खंडणीखोर टोळ्या पूर्ण ताबा मिळवत असल्याचे मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये उघड केले होते.

परवाना आणि ‘लॉकडाऊन’चा संबंध काय?

होस्टवर लॉकडाऊन मोड सुरू असेल तर एरवी फक्त व्हीसेंटरमार्फतच प्रवेश मिळतो. थेट होस्टवर येणारे खाते पासवर्ड बरोबर असूनही परत पाठवले जाते. अशा सेवाखात्यांसाठी अपवादांची यादी असते. त्यात नाव घालावे लागते. मोफत ईएसएक्सआय वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे बाहेरच्या सॉफ्टवेअरला माहिती वाचता येते, आज्ञा देता येत नाही. पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी ते दार उघडणार नाही.

प्रॉक्समॉक्सकडे वळलेल्यांचे काय?

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर परवान्याच्या नव्या रचनेमुळे अनेकांनी प्रॉक्समॉक्सचा रस्ता धरला. तिथे नावाबरोबर ‘रेल्म’ही निवडावा लागतो : लिनक्स पॅम की प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा. चुकीचा निवडला की बरोबर पासवर्डही नाकारला जातो. पासवर्डऐवजी एपीआय टोकन वापरले तर त्याचे गुपित फक्त एकदाच दिसते आणि मूळ सेटिंगमध्ये टोकनला वेगळी परवानगी द्यावी लागते. खात्याला परवानगी आहे म्हणून टोकनला आपोआप मिळत नाही.

या मंडळींचा भर ‘नट’वर असतो आणि त्यात एक फसवी गोष्ट आहे. यूपीएसची स्थिती वाचायला ‘नट’ पासवर्ड मागत नाही. चार्ज किती, लोड किती, सगळे दिसते. पण ‘वीज गेल्यावर माझी वाट पाहा’ असे मुख्य यंत्राला सांगायचे तर लॉगिन लागते. ते फसले असेल तर मुख्य यंत्र त्या होस्टला मोजतच नाही आणि त्याच्यासाठी न थांबता पुढची कार्यवाही करते. म्हणून आकडे दिसतात यावर न जाता लॉगमध्ये ‘ॲक्सेस डिनाइड’ शोधावे. सिनॉलॉजीच्या स्टोरेज यंत्राला यूपीएस जोडला असेल तर तिथे नाव-पासवर्ड ठरलेले असतात, शिवाय परवानगी असलेल्या आयपी पत्त्यांच्या यादीत होस्टचा पत्ताही हवा.

मग सगळीकडे मूळ पासवर्डच ठेवला तर?

हा मोह अनेकांना होतो. ‘यूपीएसच तर आहे, त्यात काय चोरणार?’ असा युक्तिवादही ऐकू येतो. पण या सॉफ्टवेअरच्या हातात सगळे सर्व्हर बंद करण्याचा अधिकार असतो. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने आणि ऊर्जा विभागाने मार्च २०२२ मध्ये याबाबतच इशारा दिला होता : इंटरनेटला जोडलेल्या यूपीएस यंत्रांत हल्लेखोर शिरत आहेत आणि बहुतेकदा न बदललेल्या मूळ नाव-पासवर्डमधूनच. यूपीएसचे कार्ड इंटरनेटवर उघडे ठेवू नये आणि सॉफ्टवेअरला रूटऐवजी मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे : व्हर्च्युअल मशीन बंद करणे, हलवणे, होस्टला मेंटेनन्स मोडमध्ये टाकणे आणि बंद करणे, इतकेच.

तपासणी कधी आणि कशी?

पासवर्ड बदलला त्याच दिवशी. सॉफ्टवेअरच्या खात्याने व्हीसेंटरवर आणि प्रत्येक होस्टवर स्वतः एकदा लॉगिन करून पाहायला दहा मिनिटे पुरतात. पूर्ण रंगीत तालीम सुट्टीच्या दिवशी, ताजा बॅकअप घेऊन, आधी एकाच होस्टवर करावी. प्लग खेचायची गरज नसते. एपीसीच्या कार्डावर वीज गेल्याचे नाटक करण्याची सोय आहे. त्यात दोन वेळा लिहून ठेवाव्यात : पहिली आज्ञा गेल्यापासून शेवटचे मशीन बंद होईपर्यंत किती मिनिटे लागली आणि बॅटरीवर तेव्हा किती उरली होती. एखादे मशीन रीतसर बंद न होता एकदम विझले, तर त्यात व्हीएमवेअर टूल्स आहेत का ते पाहावे. ती नसतील तर लॉगिन यशस्वी होऊनही त्या मशीनची वीज सरळ तोडली जाते.