हात मोकळे, मन गुंतलेले

रायपूरच्या जी. ई. रोडवरून तेलीबांध्याहून टाटीबंधकडे निघालेल्या मोटारचालकाला क्षणभरही बेसावध राहून चालत नाही. दुचाकी शेजारून पुढे सरकते, ई-रिक्षा मध्येच थांबते. नेमक्या अशा वेळी शेजारच्या आसनावरील फोन वाजू लागतो आणि सवयीने हात तिकडे वळतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर अंतर कापते. नाव वाचण्यासाठी दोन सेकंद दृष्टी ढळली, तर तेवढ्यात 33 मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो.

कायद्यानेही या सवयीची दखल घेतली आहे. 2019 साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यानुसार, वाहन चालवताना फोन हातात धरून वापरणाऱ्यास पहिल्या अपराधाला 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 2020 च्या नियमांनी केवळ मार्ग पाहण्यापुरती सवलत दिली. तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही, या अटीवर.

म्हणूनच फोन धरून ठेवणारा व ब्लूटूथच्या साहाय्याने संभाषण ऐकवणारा होल्डर उपयुक्त ठरतो. ब्लूटूथ म्हणजे थोड्या अंतरापुरता रेडिओलहरींनी जुळणारा संबंध होय. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याच्या टोपणनावावरून त्याला हे नाव मिळाले.

होल्डर घेण्यापूर्वी मोटारीतच ही सोय आहे काय, हे पाहावे. असल्यास साधा होल्डर पुरेसा होतो. नसल्यास मायक्रोफोनची परीक्षा महत्त्वाची. कारण आपल्याला ऐकू आले, तरी पलीकडच्याला केवळ गाडीची घरघर ऐकू येत असेल, तर आवाज चढतो आणि लक्ष अधिकच विचलित होते. म्हणून चालत्या गाडीतून कुणाशी तरी बोलून खात्री करावी. आणि ही परीक्षा शेजारी बसलेल्याने करावी, चालकाने नव्हे. बटण मोठे, न पाहता बोटाला सापडणारे असावे.

उन्हाळ्याचा विचारही रायपुरात टाळता येत नाही. वैशाखात बंद मोटारीची काच तापली, की रबरी चकतीची पकड सैल होते. निसटलेला फोन ब्रेकच्या पायपट्टीखाली गेला, तर अनर्थ ओढवतो. वातानुकूलन यंत्राच्या जाळीला अडकवलेला होल्डर फोनला थंड ठेवतो. मात्र त्याची पकड फोनचे वजन पेलणारी हवी. होल्डर कोठेही बसवला, तरी तो दृष्टीच्या आड येऊ नये आणि एअरबॅग उघडण्याच्या वाटेत नसावा.

तथापि उत्तम होल्डरसुद्धा हात तेवढे मोकळे करतो, मन नव्हे. 1997 साली कॅनडातील रेडेलमायर व टिबशिरानी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फोनवरील संभाषणाच्या काळात अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला. आणि हात मोकळे ठेवणारे फोन त्याहून सुरक्षित असल्याचे दिसले नाही. बोलणाऱ्याचे डोळे रस्त्याकडे असतात, पण मन पलीकडच्या माणसाजवळ असते. शेजारी बसलेला सोबती रस्त्यावरील दाटी पाहून आपण होऊन थांबतो. फोनवरच्याला ती दिसत नाही.

“गाडीत आहे, पोहोचल्यावर बोलतो,” एवढे सांगण्यापुरताच जो या साधनाचा उपयोग करतो, त्याने त्याची खरी निवड केली असे म्हणावे. उरलेले बोलणे घरी पोहोचेपर्यंत थांबू शकते. ऐकणाऱ्यालाही तो सुखरूप पोहोचलेलाच हवा असतो.