गाडी दारात, नाव दुसऱ्याचे

जून-जुलै आला की गंगापूर रोडवर नवे चेहरे दिसू लागतात. मालेगाव, मनमाड, येवला, नांदगाव, धुळे अशा ठिकाणांहून मुले-मुली नाशिकला शिकायला येतात. कुणाचा प्रवेश केटीएचएममध्ये असतो, कुणाचा उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात. खोली मिळते ती आनंदवल्लीकडे किंवा आणखी पुढे. क्लास एकीकडे, मेस दुसरीकडे. महिनाभर रिक्षाचे पैसे मोजल्यावर घरी फोन जातो, "अब्बू, एक जुनी गाडी घेऊन द्या ना."

अब्बू येतात. ओळखीतून गाडी सापडते. इंजिनचा आवाज ऐकला जातो, टायर दाबून पाहिले जातात, चौकापर्यंत एक चक्कर होते. भाव हजार-दोन हजाराने खाली येतो आणि पैसे हातात पडतात. कागदांचा विषय निघतो तो अगदी शेवटी, चहाच्या वेळी. आरसी बुक मिळते, पण त्यावरचे नाव विकणाऱ्याचे नसते. "पहिल्या मालकाच्या सह्या घेतलेल्या आहेत, ट्रान्सफर कधीही होईल," असे तो सांगतो. दोन कोरे फॉर्म पुढे करतो. चावी मुलाच्या खिशात जाते. ते 'कधीही' पुढे कॉलेजची चार वर्षे येत नाही.

आपल्या अनेक घरांत जुनी गाडी घेण्यामागे एक चांगले कारण असते. व्याजाचे कर्ज नको. म्हणून शोरूममधल्या हप्त्यांच्या गाडीकडे पाठ फिरवून साठवलेल्या रोख पैशांत जुनी गाडी घेतली जाते. पण अशा गाडीच्या आरसीवर पहिल्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच असू शकतो. त्याने हप्ते थकवले तर फायनान्स कंपनीची माणसे गाडी शोधत येतात. त्यांना तुमच्या रोख पैशांशी काही देणेघेणे नसते. स्वतः व्याजापासून दूर राहिलेला माणूस दुसऱ्याच्या व्याजापायी गाडी गमावतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे बोजा असलेल्या गाडीची मालकी फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय बदलत नाही. तेव्हा "कर्ज फेडलेय" हे तोंडी ऐकून घेऊ नका. फायनान्सरचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात घ्या. त्याहून चांगले म्हणजे आधी बोजा उतरवून आणायला सांगा आणि मगच पैसे द्या.

नाव बदलण्याचा कायदा तसा सोपा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 50 सांगते की विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत नाव बदलून मागायचे. विक्रीची सूचना फॉर्म 29 वर दिली जाते, नाव बदलण्याचा अर्ज फॉर्म 30 वर होतो. नाशिकचे आरटीओ पेठ रोडला आहे, गंगापूर रोडवरून काही फार लांब नाही. मग लोक का थांबतात? कधी फी आणि एजंटचे पैसे वाचवायला, कधी जुने चलान भरायचे टाळायला. पुढे गाडी पुन्हा विकायची असते, हेही एक कारण. कोऱ्या फॉर्मवर सह्या असल्या की एकच गाडी तीन-चार हातांतून फिरते आणि मधल्या कुणाचेच नाव सरकारी नोंदीत येत नाही.

यात पहिला अडकतो तो विकणारा. गाडी विकली, पैसे मिळाले, आपला संबंध संपला अशी त्याची समजूत असते. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी दिलेला एक निकाल या समजुतीला पूर्णविराम देतो. एक मोटार 2007 मध्ये विकली गेली आणि पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिली. नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर होती. 2009 मध्ये त्या मोटारीने अपघात केला, त्यात एकाचा जीव गेला. मोटारीचा विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. अपघातात ज्यांचे माणूस गेले त्यांनी विक्रीच्या साखळीमागे धावत बसायचे नाही. दोन वर्षांपूर्वी मोटार विकून मोकळ्या झालेल्या त्या माणसावर भरपाईचा बोजा आला.

चलानाचेही तसेच. कॅमेऱ्याने टिपलेले ई-चलान नंबरप्लेटवरून नोंदणीकृत मालकाच्या खात्यावर पडते. अकरावीतल्या, अठरा पूर्ण न झालेल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड सांगितला आहे. गाडी विकूनही ज्याचे नाव आरसीवर राहिले आहे, त्याने हे जरा शांतपणे वाचावे.

घेणाऱ्याच्या घरावर येणारे संकट याहून मोठे असते, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. गाडी विकली गेली की दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता विमा कलम 157 प्रमाणे नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. मात्र विमा कंपनीच्या कागदावर आपले नाव लावून घेण्यासाठी त्याने 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा विमा असा आपोआप सरकत नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, गाडी तुमच्या दारात. ती चोरीला गेली तर कंपनी विचारते, आमचा करार तुमच्याशी होता कुठे?

त्याच पॉलिसीत आणखी एक रकाना असतो, मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा. त्याची रक्कम 15 लाख रुपये आहे. मालक स्वतः गाडी चालवताना मरण पावला तर ही रक्कम त्याच्या घरच्यांना मिळते. पण त्यासाठी आरसीवर आणि पॉलिसीवर त्याचे नाव हवे, शिवाय वैध लायसन्स हवे. आता समजा, सोमेश्वरकडून येताना पावसात मुलाची स्कूटर घसरली. दुसऱ्या गाडीने धडक दिली असती तर तिच्या विम्याकडून भरपाई मागता आली असती. इथे दुसरी गाडीच नाही. पॉलिसी आहे, हप्ता भरलेला आहे, 15 लाखांचा रकानाही आहे. पण तो ज्याच्या नावावर आहे तो माणूस घरी सुखरूप बसलेला आहे. मुलाच्या आईच्या हाती त्यातले काही येत नाही. नाव बदलायला जो खर्च आला असता, तो या रकमेशेजारी मांडून पाहावा.

हे सगळे माहीत असूनही लोक कागद मागत नाहीत, कारण संकोच वाटतो. विकणारा मशिदीत रोज भेटणारा असतो, मेहुण्याचा मित्र असतो. "त्याच्याकडून काय लिहून घ्यायचे? विश्वास नाही असे वाटेल." अशा वेळी सूरह अल-बकराची 282 वी आयत आठवावी. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत, आणि ती व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदतीची देणी लिहा, रक्कम छोटी असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. हातोहात होणारी खरेदी-विक्री लिहिली नाही तरी चालेल, पण सौद्याला साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय. "निम्मे आता घ्या, निम्मे ईदनंतर" हा गाडीचा सौदा तर थेट मुदतीच्या देण्यातच बसतो. कागद मागणे हा समोरच्याचा अपमान नव्हे, हे यापुढे वेगळे सांगायला नको. सौदा पावतीवर तारीख तर लिहावीच, गाडी ताब्यात दिल्याची वेळही लिहावी. संध्याकाळी पाच वाजता गाडी दिली आणि सहा वाजता अपघात झाला, तर गाडी तेव्हा कुणाच्या हातात होती हे त्या एका ओळीवरून कळते. अर्थात ही पावती म्हणजे मालकी नव्हे. नाव बदलावे लागतेच.

गाडी पाहायला जाताना आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. खोडलेला, घासलेला नंबर दिसला तर भाव कितीही कमी असो, परत फिरा. चोरीची गाडी पोलीस घेऊन जातात, आणि माहीत असून घेतली असे ठरले तर घेणाराही आरोपी होतो. परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, बोजा आणि विम्याची मुदत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत गाडी चोरीच्या यादीत आहे का हेही तपासता येते. गुजरात, दमण किंवा दिल्लीच्या नंबरची गाडी स्वस्त वाटली तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र आहे का आणि महाराष्ट्राचा कर किती भरावा लागेल, हे आधी विचारा. तो कर मिळवला की स्वस्ताई बरीच उतरते.

जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेणार असाल तर एक प्रश्न जरूर विचारा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा डीलरला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्याकडे सोपवल्याची सूचना फॉर्म 29सी वर जाते आणि मग ती विकली जाईपर्यंतची जबाबदारी त्याची. अधिकारपत्र भिंतीवर दिसले नाही तर मागून पाहा.

आता एक अशी गाडी, जी कुणी विकत घेतलेलीच नसते. अब्बूंचा इंतकाल होतो, त्यांची स्कूटर अंगणात उभी असते आणि मोठा मुलगा चावी उचलतो. वर्षे जातात. नियम असा की मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यायचे. गाडीही तरक्यातच येते. अम्मी, बहिणी, आजी-आजोबा हयात असतील तर तेही, प्रत्येकाचा तिच्यात हिस्सा आहे. सर्वांची लेखी संमती घेऊन एकाच्या नावावर करावी आणि हिशेबात तिची किंमत धरावी. मुलींना "स्कूटरमध्ये काय मागता" असे म्हणून गप्प बसवले जाते, ते बरोबर नाही.

अर्ज करण्यापूर्वी कागदांवरची नावे एकदा समोरासमोर ठेवून पाहा. आपल्याकडे आधारवर 'मोहम्मद' पूर्ण असते, लायसन्सवर 'मो.' एवढेच. 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग बापाचे वेगळे, मुलाचे वेगळे. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. आधारवरून ऑनलाइन होणारे काम अशा एका अक्षरावरून अडते आणि पेठ रोडच्या खेपा सुरू होतात. आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग अर्ज भरा. नवे आरसी कार्ड आल्यावर त्याची प्रत विमा कंपनीला द्या आणि पॉलिसीवर नाव बदलल्याचा कागद आल्याशिवाय तो विषय संपला असे समजू नका.