छप्पर कोसळण्यापूर्वी

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतील अतिधोकादायक इमारतींची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. घरे रिकामी करण्याच्या नोटिसा निघतात, वीज आणि पाणी तोडण्याचे इशारे दिले जातात. तरीही टेकू दिलेल्या जिन्यांवरून ये-जा करीत अनेक कुटुंबे तेथेच राहतात. त्रयस्थाला हा निव्वळ हट्ट वाटतो. वस्तुतः तो हिशेब आहे. घर सोडल्यास जीव वाचेल हे रहिवाशाला कळते. परंतु सोडलेले घर पुन्हा मिळेल काय, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर नोटिशीत नसते.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात त्या कायद्याने लक्षावधी भाडेकरूंना संरक्षण दिले, यात शंका नाही. परंतु त्या तुटपुंज्या भाड्यात डागडुजी परवडत नाही, असे म्हणत घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली आणि चाळी पावसागणिक खचू लागल्या. बेडेकर समितीच्या अभ्यासानंतर १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींवर उपकर बसवावा, त्यास राज्य शासन व महापालिका यांच्या अनुदानाची जोड द्यावी आणि त्या निधीतून घर पडण्यापूर्वीच ते सावरावे, अशी ही योजना होती. माणूस बेघर होण्याआधीच त्याच्या घरावर सरकारी पैसा खर्च करण्याचे तत्त्व मुंबईने अर्धशतकापूर्वीच स्वीकारले होते, ही गोष्ट लहान नव्हे.

अंमलबजावणी मात्र त्या तत्त्वाला साजेशी झाली नाही. कायदा झाला तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. आजही त्यांतील हजारो इमारती पुनर्बांधणीची वाट पाहत उभ्या आहेत. दुरुस्तीच्या खर्चावर दर चौरस मीटरमागे मर्यादा घातली गेली आणि त्यापलीकडचा भार रहिवाशांवर आला. बांधकामाचे दर सतत वाढत गेले. मर्यादा मात्र अधूनमधूनच, तीही उशिरा वाढली. परिणामी पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती म्हणजे गळक्या छपरावर ताडपत्री आणि खचल्या तुळईला लोखंडी आधार, एवढाच अर्थ उरला.

इमारत रिकामी करावी लागलीच, तर रहिवाशांसाठी संक्रमण शिबिरे होती. संक्रमण म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाण्याचा मधला काळ. पण शिबिरांत आलेल्यांपैकी अनेकांची पुढची पिढीही तेथेच लहानाची मोठी झाली. कोणाची मूळ जागा रस्तारुंदीत गेली, कोणाचा भूखंड नवी इमारत उभी राहू नये इतका अरुंद निघाला, कोणाचा विकासक अर्ध्यावर काम सोडून गेला. गिरगावच्या कारकुनाला बोरिवलीच्या मागाठाण्यास धाडताना मुलांची शाळा, गिऱ्हाईक आणि शेजार त्याच्याबरोबर जात नाहीत, याचा विचार झाला नाही. शिबिरांत घुसखोर शिरल्याने खऱ्या गरजवंताला खोली मिळणे दुरापास्त झाले.

या साऱ्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरात हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. ती इमारत कित्येक वर्षांपूर्वीच धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबे बाहेर पडली होती, काही राहिली होती. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीची दुर्घटना घडली, तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच पडलेला भाग नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो, याचा वाद सुरू झाला.

अमेरिकेने २००९ च्या मंदीत एक निराळा प्रयोग करून पाहिला. आर्थिक पुनरुज्जीवनाच्या कायद्यात बेघरपणा टाळण्यासाठी व बेघरांना त्वरित घर देण्यासाठी दीड अब्ज डॉलर राखून ठेवण्यात आले. थकलेले भाडे, नव्या घराची अनामत आणि कमाल अठरा महिन्यांचे साहाय्य असे त्याचे स्वरूप होते. कुटुंबाला निवाऱ्यात साठवून न ठेवता साध्या भाड्याच्या घरात लौकर पोहोचवावे, हा त्यामागील विचार. निधी तीन वर्षांत संपला, घरभाड्यांची महागाई संपली नाही. त्यामुळे तो रामबाण होता असे म्हणता येणार नाही. तथापि साहाय्याला मुदत असावी आणि त्याचा शेवट घरात व्हावा, हे सूत्र घेण्याजोगे आहे.

मुंबईतही २०२५ मध्ये म्हाडाने ९६ अतिधोकादायक इमारतींच्या रहिवाशांना दरमहा २० हजार रुपये भाडे देण्याचा निर्णय घेतला. शिबिरांत जागा अपुरी पडते, याची ही कबुलीच होय. रहिवाशाला आपल्या परिसराजवळ राहता येण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली, म्हणून हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु भाडे हे अर्धेच उत्तर. २०२० च्या कायदादुरुस्तीने मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यास सहा महिने, त्यानंतर भाडेकरूंना सहा महिने आणि तेही न झाल्यास मंडळाकडून संपादन, असा क्रम घालून दिला आहे. प्रस्तावांना मुदत आहे. तशीच मुदत परतीलाही हवी. भाड्याच्या पहिल्या धनादेशासोबतच रहिवाशाच्या हाती त्याच्या हक्काच्या गाळ्याचा, क्षेत्रफळाचा व परतीच्या तारखेचा लेखी करार पडला पाहिजे, आणि ती तारीख चुकल्यास त्याची झळ विकासकाला किंवा मंडळाला पोहोचली पाहिजे. आज ती एकट्या रहिवाशाला पोहोचते.

दुरुस्तीवरील खर्च ढिगारे उपसण्याच्या खर्चापेक्षा आणि सानुग्रह मदतीपेक्षा नेहमीच स्वस्त पडतो. परंतु तो डोळ्यांत भरत नाही; न पडलेल्या इमारतीची बातमी होत नाही. म्हणून अंदाजपत्रकात त्याची जागा कायद्याने निश्चित व्हावी लागते. एरवी पुढच्या मे महिन्यात पुन्हा यादी निघेल, पुन्हा नोटिसा जातील आणि पुन्हा तीच माणसे त्याच टेकूखाली पावसाची वाट पाहत बसतील.