वादळाची तयारी आगोटीतच

निसर्ग चक्रीवादळाला नाव मिळाले २ जून २०२० च्या दुपारी, आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मध्ये जेमतेम एक दिवस. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याशिवाय हवामान खाते वादळाला नाव देत नाही, आणि नाव मिळेपर्यंत बहुतेक घरे त्याची दखल घेत नाहीत. किनाऱ्यापासून जवळच तयार होणारे वादळ मग चोवीस तासांत दारात येते. तेवढ्या वेळात पत्रे आवळून होत नाहीत, माडाच्या वाळक्या झावळ्या उतरवून होत नाहीत, आणि दोर, बॅटरी, मेणबत्त्यांसाठी सगळे गाव एकाच दुकानापुढे उभे राहते. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारायची, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवायची जुनी रीत आहे. वादळाची तयारी या आगोटीच्या कामांतच धरायला हवी. इशारा आल्यावर उरतील ती फक्त शेवटची चार कामे.

तरीही आपले लक्ष असते नकाशावरच्या रेघेकडे. ती आपल्या गावावरून जात नसेल तर आपण सुटलो, असे मानले जाते. पण रेघ दाखवते फक्त वादळाचा केंद्रबिंदू, तोही अंदाजाने. चोवीस तास आधीच्या अंदाजात आपल्या हवामान खात्याची सरासरी चूक ७५-८० किलोमीटरची असते. ही चूक लहान आहे, जगातल्या चांगल्या केंद्रांच्या तोडीची आहे. पण अलिबाग आणि हरिहरेश्वर यांच्यात सरळ रेषेत अंतर साधारण तेवढेच आहे. रेघेभोवती जो फुगत जाणारा पट्टा काढतात तो याच चुकीचा हिशेब असतो, वादळाच्या आकाराचा नव्हे. शिवाय दोन बाजूंचा मार सारखा नसतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या वादळाच्या दक्षिणेला म्हणूनच वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे जातो. निसर्गच्या वेळी मुंबई वाचल्याची बातमी झाली, तेव्हा केंद्राच्या दक्षिणेला श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या आणि दापोली, मंडणगडात घरांवरची छपरे उडाली होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते तर महाराष्ट्रात शिरलेच नाही, ते गुजरातेत दीव-उनाजवळ जमिनीवर गेले. तरी जाता जाता त्याने कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत दिला, आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली.

वारा काही तासांत ओसरतो. घराची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते, झाडे पडून रस्ते अडले होते. विजेबरोबर पाणीही जाते, ही गोष्ट तयारीच्या याद्यांत नेमकी सुटते. विहीर काठोकाठ भरलेली असते, पण रहाट काढून पंप बसवलेला असतो आणि घरात पोहऱ्याला बांधायला पुरेसा लांब दोर नसतो. दोर आणि पोहरा ही म्हणून वादळाच्या तयारीतली पहिली वस्तू मी मानतो. दुसरे काम छपराचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि वाऱ्याच्या तोंडचे दार उघडे पडले की आत शिरलेली हवा पत्र्याला खालून उचलते. सगळे छप्पर त्या वेळी पत्रा वाशाला धरून ठेवणाऱ्या हुकांवर टिकून असते. गंजलेले हुक मे महिन्यात बदलून घेणे सोपे असते. वादळानंतर पत्रेही मिळत नाहीत आणि सुतारही. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावीत, औषधे महिन्याची आणावीत, हे सर्वांना माहीत असते. घराचे आणि बागेचे फोटो आधीच काढून ठेवावेत, हे मात्र कमी सांगितले जाते. पंचनाम्याच्या वेळी पडलेल्या झाडांचा हिशेब द्यायला ते उपयोगी पडतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: इशारे येतात आणि काही होत नाही. जून २०१९ मध्ये वायू वादळासाठी गुजरातेत लाखो लोकांना हलवले आणि ते ऐनवेळी समुद्रात वळले. हे खरे आहे. पण वळण ऐनवेळी कळले, याचा अर्थ न वळणेही ऐनवेळीच कळले असते. आणि आगोटीत आणलेला दोर, बदललेले हुक, भरलेला डबा वाया जात नाही. वादळ न येताही जुलैत वीज जातेच. दुसरा आक्षेप काळाचा. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले, तेव्हा मे महिन्यातली तयारी काय कामाची? अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, पावसाआधी आणि पावसानंतर. फयानने तर मासेमारीच्या ऐन दिवसांत समुद्रातल्या नौकांना गाठले. म्हणून दसऱ्याच्या सुमारास सामान पुन्हा तपासावे, आणि बंदरावर बावटा लागला की तो कितव्या नंबरचा हे मच्छीमारांप्रमाणेच किनाऱ्यावरच्या इतर घरांनीही विचारावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ज्याचे घरच कुडाचे, त्याने हुक कुठे बदलायचे? त्या घराला मजबुतीचे सल्ले देणे व्यर्थ आहे. तिथे तयारी म्हणजे वेळेवर निघण्याची तयारी, आणि ती एकट्याने होत नाही. हवामान खाते बहात्तर तास आधी पूर्वसूचना देते, मग अठ्ठेचाळीस आणि चोवीस तास आधीचे इशारे येतात. यातल्या कोणत्या टप्प्यावर शाळा उघडायची, किल्ली कोणाकडे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना कोणाच्या गाडीतून न्यायचे, गोठ्यातल्या गुरांची दावी कधी सोडायची, हे नावानिशी ठरलेले असावे लागते. महाराष्ट्रात १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. हा विषय त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला वेगळा निधी लागत नाही.